किशोरवयीन मुलांची चिंता, स्वभाव आणि घर : मराठवाड्यात असा अभ्यास कसा करावा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एम.ए. मानसशास्त्राची मुलं प्रबंधिकेचा विषय शोधायला लागतात आणि कुणाच्या तरी वहीत हे शीर्षक हमखास उतरतं : 'किशोरवयीन विद्यार्थ्यांमधील चिंता, व्यक्तिमत्त्व व कौटुंबिक संबंध : एक अभ्यास'. विषय चांगलाच आहे. पण पुढं बहुतेक वेळा शहरातल्या दोन कॉलेजांतून शंभर मुलं आणि शंभर मुली घेतल्या जातात, तीन चाचण्या एका तासिकेत उरकल्या जातात, दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-चाचणी लागते आणि 'मुलींमध्ये चिंतेचे प्रमाण अधिक आढळले' या वाक्यावर काम संपतं. मुलींमध्ये चिंता जास्त दिसते हे जगभरात वारंवार आढळून आलेलं आहे. तेच पुन्हा सांगण्यासाठी दोनशे लेकरांचा वेळ घेऊ नये.

हा लेख मराठवाड्यात हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, शाळेतल्या समुपदेशकांसाठी आणि एम.एड. करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. माझं मुख्य म्हणणं असं की आपल्या भागात कुटुंब मोजायच्या आधी त्या घरात कोण राहतं आणि कोणत्या महिन्यात राहतं, हे विचारावं लागतं. ते न विचारता केलेली आकडेमोड कितीही सुबक असली तरी ती नेमक्या कोणाच्या घराबद्दल आहे, हे कळत नाही.

प्रश्न आधी ठरवा, चाचणी नंतर

मार्गदर्शकाच्या कपाटात जी चाचणी असेल तिच्यावरून विषय ठरवू नका. आधी काय माहीत आहे ते पाहा. मॅक्लाउड, वुड आणि वाइझ यांनी 2007 साली पालकत्व आणि मुलांची चिंता यांवरचे 47 अभ्यास एकत्र करून तपासले. मुलांमुलांमधल्या चिंतेच्या फरकापैकी जेमतेम 4 टक्के फरकाचा संबंध पालकांच्या वागण्याशी लागला. हा झाला एकंदर आकडा. पालकांच्या वागण्याची एकेक बाजू वेगळी पाहिली तर याच फरकात पालकांचा जिव्हाळा कमी-जास्त असण्याचा वाटा एक टक्क्याहून कमी होता, तर मुलाला स्वतःचे निर्णय घेऊ देण्याचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. 'घरात माया कमी म्हणून पोरगं घाबरट' हे आपलं सरधोपट उत्तर या आकड्यांपुढं टिकत नाही. मुलाला मोकळीक किती मिळते, हा प्रश्न जास्त कामाचा दिसतो.

भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण साधारण 7.3 टक्के निघालं. पण ज्या 12 राज्यांत ते सर्वेक्षण झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून ते आकडे बीड किंवा हिंगोलीला जसेच्या तसे लावू नका. दोन-तीनशे मुलांच्या अभ्यासातून ती पोकळी भरून निघेल, असाही दावा करू नका. प्रमाण किती हे शोधणं मोठ्या यंत्रणेचं काम आहे. तुमच्या आवाक्यातलं काम आहे ते संबंध शोधण्याचं.

प्रश्न एका वाक्यात मांडता आला पाहिजे. उदाहरणार्थ : 'सारख्याच हळव्या स्वभावाच्या मुलांमध्ये, ज्यांना घरात निर्णयाची मोकळीक कमी मिळते, त्यांची चिंता जास्त असते का?' किंवा 'आईवडील ऊसतोडीला गेलेल्या आणि आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांच्या चिंतेचा संबंध सांभाळणाऱ्या माणसाशी असलेल्या जवळिकीशी लागतो का?' असा प्रश्न ठरला की निम्म्या चाचण्या आपोआप गळून पडतात.

घरात कोण आहे, त्याचं पान

हे पान तुम्हाला स्वतःलाच तयार करावं लागेल, कारण तयार चाचण्यांमध्ये ते नसतं. कुटुंबावरच्या बहुतेक प्रश्नावल्या एक गोष्ट गृहीत धरतात : आई, वडील आणि मूल एका छताखाली राहतात. मराठवाड्यातल्या एका वर्गात हे गृहीतक किती ठिकाणी तुटतं ते बघा.

बीड, जालना, परभणीच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघतात. कारखान्यांची धुराडी पेटतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. काही मुलं बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. थोरली बहीण दहावीत असेल तर धाकट्यांची 'आई' तीच. दुसरीकडं लातूर, नांदेडला नीट आणि जेईईच्या क्लाससाठी आलेली मुलं खोली करून किंवा वसतिगृहात राहतात आणि मेसवर जेवतात. काहींची आई गावातलं घर सोडून लेकराबरोबर शहरात खोलीवर येते आणि वडील शेताकडं एकटे राहतात. आश्रमशाळेतली मुलं तर घरी सुट्टीलाच जातात. शिवाय काही घरांत कर्त्या माणसाने आत्महत्या केलेली असते. तिथं 'तुझे वडील तुझ्याशी कसे वागतात' हा प्रश्न न बघता समोर ठेवणं क्रूर आहे.

म्हणून चाचणीच्या आधी एक पान द्या. 'एकत्र की विभक्त' एवढंच विचारून भागत नाही. गेल्या सात रात्री तू जिथं झोपलास तिथं घरातलं आणखी कोण होतं? गेल्या बारा महिन्यांत आई किती महिने घरी होती, वडील किती? प्रगतीपत्रकावर सही कोण करतं? ताप आला तर आधी कोणाला सांगतोस? वहीपेनाला पैसे कोणाकडून घेतोस? शेवटी : 'पुढच्या पानांवर घरच्यांबद्दल प्रश्न आहेत. ते ज्या मोठ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून सोडवणार आहेस, त्याचं नातं इथं लिही.'

ही शेवटची ओळ टाकली नाही तर काय होतं ते वर्गात दिसतं. प्रश्न असतो, 'माझे पालक माझं म्हणणं ऐकून घेतात.' पहिल्या बाकावरची मुलगी पेन थांबवून विचारते, 'मॅडम, माय-बाप कारखान्यावर हायेत. आजीचं लिहू का त्यांचं?' तिनं विचारलं म्हणून आपल्याला कळलं. मागच्या बाकांवरच्या ज्या मुलांनी विचारलं नाही, त्यांच्यातल्या एकानं आजीबद्दल लिहिलं, दुसऱ्यानं दिवाळीत भेटलेल्या वडिलांबद्दल, तिसऱ्यानं मधला पर्याय निवडून पान उलटलं. तिघांचेही आकडे एकाच रकान्यात बसतात आणि त्या रकान्याला आपण 'कौटुंबिक संबंध' असं नाव देतो.

महिना निवडा

माहिती कधी गोळा केली, यावर उत्तर बदलतं. चिंतेत दोन भाग असतात : स्वभावाचाच भाग असलेली, कायम सोबत राहणारी चिंता आणि प्रसंगापुरती उसळणारी चिंता. चार्ल्स स्पीलबर्गर यांची 1970 ची प्रसिद्ध मापनी याच भेदावर उभी आहे. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. जानेवारीत दहावी-बारावीच्या वर्गात गेलात तर तुम्ही मुख्यतः परीक्षेची धास्तीच मोजाल. ऊसतोड कुटुंबांवर काम असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आईवडील घरी असतात आणि डिसेंबरमध्ये नसतात. जमलं तर त्याच मुलांना दोन्ही वेळा भेटा. एकदाच जाणार असाल तर नववी किंवा अकरावीचा वर्ग घ्या, घटक चाचणीचा आठवडा टाळा आणि अहवालात तारखा स्पष्ट लिहा. सणाच्या आधीचे दोन-तीन दिवसही टाळावेत.

मापनी निवडताना

चिंतेसाठी सुसान स्पेन्स यांची मुलांची चिंता मापनी (44 विधानं, साधारण 8 ते 15 वयासाठी) किंवा 'स्केअर्ड' (41 विधानं, 8 ते 18 वय) या दोन्ही संशोधनासाठी सहज उपलब्ध आहेत. अकरावी-बारावीसाठी दुसरी बरी. तिच्यात 25 किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. 'इतक्या टक्के मुलांना चिंताविकार आहे' असं त्यावरून लिहू नये. सिन्हा यांची 90 विधानांची सर्वसमावेशक चिंता चाचणी आपल्याकडच्या विभागांत वर्षानुवर्षं वापरली जाते, पण ती तुमच्या वयोगटाला आणि भाषेला लागू आहे का, हे तिच्या पुस्तिकेत आधी पाहा.

कुटुंबासाठी मूस यांची कौटुंबिक वातावरण मापनी 90 विधानांची आहे. भाटिया आणि चढ्ढा यांनी 1993 मध्ये तिच्यावरून केलेली भारतीय मापनी 69 विधानांची आहे. पार्कर आणि सहकाऱ्यांचं 1979 चं पालक-बंध साधन फक्त 25 विधानांचं आहे आणि जिव्हाळा व अतिसंरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या मोजतं. पण ते आई आणि वडील दोघांसाठी स्वतंत्र भरायचं असतं आणि मोठं झाल्यावर पहिल्या सोळा वर्षांकडे मागं वळून उत्तरं द्यायची, अशी त्याची रचना आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ते देण्यात अर्थ नाही.

स्वभावासाठी आयझेंक यांची मुलांसाठीची प्रश्नावली 81 प्रश्नांची आहे. 'मोठे पाच', म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य गुण, मोजायचे असतील तर 44 विधानांची बीएफआय ही प्रश्नावली संशोधनासाठी वापरता येते. हेच गुण मोजणाऱ्या निओ मालिकेतल्या चाचण्या विकत घ्याव्या लागतात. त्यांच्या झेरॉक्स कॉप्या विभागाविभागांतून फिरतात, पण त्या वापरू नका. मूळ लेखकाला किंवा प्रकाशकाला परवानगीसाठी साधा ई-मेल केला तर बऱ्याचदा उत्तर येतं.

आता बेरीज करा. 44, 69 आणि 81 मिळून 194 विधानं होतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत नववीतलं मूल हे मन लावून सोडवेल, अशी अपेक्षाच चुकीची. ऐंशी-नव्वद विधानांच्या आत बसवा, नाहीतर दोन दिवस मागून घ्या.

या विषयातला सगळ्यात मोठा सापळा इथंच आहे. व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीत भावनिक अस्थिरता मोजणारी विधानं असतात : लवकर काळजी वाटते, मन लगेच अस्वस्थ होतं. चिंतेच्या मापनीतही जवळपास हीच विधानं असतात. मग दोन्हींत मोठा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात, त्याचा आकडा) निघतो आणि प्रबंधिकेत 'व्यक्तिमत्त्वाचा चिंतेवर लक्षणीय परिणाम' असं छापलं जातं. एकच गोष्ट दोनदा विचारली तर दुसरं काय निघणार? दोन्ही मापन्या शेजारी ठेवा, एकसारख्या विधानांवर पेन्सिलीनं खूण करा आणि ती काढून पुन्हा सहसंबंध बघा. खाली आलेला आकडाही अहवालात छापा.

मुलांच्या भाषेत आणणं

ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये मांडलेली उलट-भाषांतराची पद्धत वापरा : एकानं मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही ताडून बघायचं. पण खरी परीक्षा त्यानंतर असते. वेगवेगळ्या शाळांतल्या सात-आठ मुलांना एकेकट्याला बसवून प्रत्येक विधान वाचायला सांगा आणि विचारा, 'याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग.' 'मला अनामिक भीती ग्रासते' याच्यावर मूल गप्प बसतं. 'काही कारण नसताना छातीत धडधडतं', 'पोटात गोळा येतो', 'जीव घाबरा होतो' असं म्हटलं की ते लगेच बोलू लागतं. 'मला कधीच एकटं वाटत नाही' यासारख्या विधानाला 'कधीच नाही' हा पर्याय निवडताना हुशार मुलंही अडखळतात. अशी विधानं सरळ करा, मात्र मूळ लेखकाची परवानगी घेऊन.

शरीराच्या लक्षणांचं एक वेगळं भान ठेवा. आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्ताची कमतरता फार आहे आणि तिच्यातही धडधड, चक्कर, थकवा येतो. सकाळी काही न खाता बस पकडून आलेल्या मुलीलाही गरगरतं. म्हणून शारीरिक लक्षणांचे गुण आणि काळजीच्या विचारांचे गुण वेगवेगळे मांडा, नुसती एकूण बेरीज देऊ नका.

नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडं काही घरांत तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी आणि शहरांतल्या कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू बोलतात. शाळा मराठी माध्यमाची असली तरी मनातलं बोलणं त्या भाषेत चालतं. घरची भाषा नोंदवा. उर्दू माध्यमाच्या शाळा घेणार असाल तर उर्दू आवृत्तीची पूर्ण तयारी करा, नाहीतर त्या शाळा का घेतल्या नाहीत हे प्रांजळपणे लिहा.

परवानगी, संमती आणि धोका दिसला तर

आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग मुख्याध्यापकांचं पत्र, मग पालक, मग मूल, असा क्रम ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकाच्या संमतीबरोबर 12 ते 18 वयाच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. पालक उसाच्या फडात असतील तर फोनवर समजावून सांगा, फोन झाल्याची नोंद ठेवा, सांभाळणाऱ्या आजीला कागद वाचून दाखवा आणि पालकाची सही किंवा अंगठा कसा घ्यायचा ते समितीकडून आधीच ठरवून घ्या. 'सरांनी हो म्हटलं' ही संमती नव्हे. आणि 'नको' म्हणणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं करू नका. त्याला वाचायला पुस्तक द्या आणि बाकावरच बसू द्या.

मुलांना 'सगळं गुप्त राहील' असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. असं सांगा : 'तुमची उत्तरं शिक्षकांना किंवा घरच्यांना दाखवणार नाही. मात्र तुमच्या जिवाला धोका आहे किंवा कुणी त्रास देतंय असं दिसलं, तर मदत मिळवण्यासाठी मला बोलावं लागेल.' लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संशोधकालाही. हे मार्गदर्शकाशी आधीच बोलून ठेवा. प्रसंग समोर आल्यावर कायदा शोधत बसू नका.

मरणाचा किंवा स्वतःला इजा करण्याचा प्रश्न प्रश्नावलीत असेल तर त्याच दिवशी, शाळेचं आवार सोडायच्या आत, प्रत्येक कागदाचं ते उत्तर बघा. महिनाभर गठ्ठा बांधून ठेवायचा असेल तर तो प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार नाही. मुलाला पाठवायचं कुठं तेही आधी ठरवा : जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि बालकांसाठीचा 1098. हे क्रमांक सगळ्याच मुलांना चिठ्ठीवर द्या, म्हणजे कुणा एकाकडं बोट जात नाही.

वर्गात

एका बाकावर तीन मुलं बसतात. 'आईवडिलांची भांडणं होतात' या विधानापुढं खूण करताना मूल आधी डावीकडं बघतं, मग उजव्या हाताचा आडोसा करतं आणि शेवटी 'कधीच नाही'वर टिक करतं. त्यामुळं वर्ग दोन भागांत घ्या, एका बाकावर एकच मूल बसवा. वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबायची विनंती करा. ते सहज म्हणून फेरी मारतात, पण मुलं त्यांच्याकडं बघून उत्तरं देतात. कागदावर नाव नको, क्रमांक घाला. सूचना मोठ्यानं वाचा, एक उदाहरण फळ्यावर सोडवा आणि 'बरोबर-चूक असं काही नाही' हे दोनदा सांगा, कारण आपल्या मुलांना छापील कागद म्हणजे परीक्षाच वाटते.

किती मुलं आणि कसली आकडेमोड

0.30 एवढा सहसंबंध 80 टक्के खात्रीनं पकडायला 85 च्या आसपास मुलं लागतात, 0.20 साठी 195 च्या आसपास. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर ते गणित करून देतं. पण हा हिशेब सुट्या सुट्या निवडलेल्या मुलांचा आहे. आपण अख्खे वर्ग घेतो आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. चाळीसचे पाच वर्ग घेतले आणि वर्गांतर्गत साम्य 0.05 एवढं जरी असलं, तरी 200 मुलांची किंमत साधारण 68 सुट्या मुलांएवढीच उरते. म्हणून एका शाळेतून पाच वर्ग घेण्यापेक्षा दहा शाळांतून थोडी थोडी मुलं घ्या. एसटीचा प्रवास वाढेल, पण अभ्यासाला त्यानंच वजन येतं.

आकडेमोडीसाठी जामोवी किंवा जॅस्प वापरा, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. आधी प्रत्येक मापनीचा अल्फा (तिची विधानं एकमेकांशी किती जुळतात, त्याचा आकडा) तुमच्याच माहितीवर काढा, पुस्तिकेतला उतरवू नका. तो 0.70 च्या बराच खाली असेल तर त्या मापनीवरचे निष्कर्ष जपून लिहा. मग बहुचल प्रतिगमनात (अनेक घटकांचा चिंतेशी संबंध एकत्र तपासण्याच्या पद्धतीत) पहिल्या टप्प्यात वय, लिंग आणि घरात कोण आहे ते घाला, दुसऱ्यात स्वभाव, तिसऱ्यात कुटुंब. स्वभाव धरल्यावरही कुटुंबाचा वाटा उरतो का, हे तिसऱ्या टप्प्यात कळतं. उरला नाही तर तेही लिहा. 'फरक आढळला नाही' म्हणून कोणी प्रबंधिका नापास करत नाही आणि करत असेल तर ती त्याची चूक.

निष्कर्षाची भाषा

'पालकांच्या अतिसंरक्षणामुळे मुलांमध्ये चिंता निर्माण होते' असं वाक्य एकदाच केलेल्या प्रश्नावलीवरून लिहिता येत नाही. जेनिफर हडसन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आयांना चिंताग्रस्त मुलांबरोबर आणि तशा नसलेल्या मुलांबरोबर काम करायला लावलं. समोरचं मूल चिंताग्रस्त असलं की आया जास्त हात घालायच्या, ज्यांचं स्वतःचं मूल तसं नव्हतं त्याही. म्हणजे भेदरट लेकरू पाहिलं की मोठं माणूस आपोआप सावरायला धावतं. बाण दोन्ही दिशांनी जातो. शिवाय तुमच्याकडं स्वभाव, चिंता आणि घर या तिन्हींची माहिती एकाच मुलानं दिलेली आहे. उदास मनाला घरही उदासच दिसतं. थोड्या मुलांच्या बाबतीत तरी सांभाळणाऱ्या माणसाला तेच प्रश्न विचारा.

याबाबत मी आग्रही आहे, कारण असे निष्कर्ष पालकसभेत पोचतात. 'संशोधनात सिद्ध झालंय' असं म्हणून ऊसतोडीला गेलेल्या बाईला किंवा लेकरासाठी लातूरच्या खोलीत दोन वर्षं काढणाऱ्या आईला दोष दिला जातो. 'संबंध आढळला' एवढंच लिहा आणि तो किती लहान किंवा मोठा आहे ते आकड्यानं सांगा.

काम झाल्यावर

शाळेला दोन पानांचा मराठी अहवाल द्या. त्यात एकाही मुलाची किंवा वर्गाची ओळख पटू नये. पालकसभेत बोलायची संधी मिळाली तर ती मोकळिकीच्या मुद्द्यावर खर्च करा : मुलाला कोणत्या दोन गोष्टी स्वतः ठरवू देता येतील, ते पालकांनाच विचारा. विषय निवडणं, सुट्टीचा दिवस, मित्राकडं जाणं, काहीही चालेल. ऊसतोड पट्ट्यात ही सभा पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मे-जूनमध्ये ठेवा, नाहीतर ज्यांच्याबद्दल अभ्यास केला तेच तिथं नसतील. नावं आणि क्रमांक जोडणारी यादी उत्तरपत्रिकांपासून वेगळ्या कुलपात ठेवा आणि समितीने ठरवून दिलेली मुदत संपली की ती आधी नष्ट करा.